तान्ह्याचे नाक आणि रबरी फुगा

सर्दी झालेले दोन महिन्यांचे बाळ अंगावर पिताना कसे वागते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना वेगळे सांगायला नको. दोन-चार घोट ओढायचे, तोंड सोडायचे, धापा टाकायच्या, चिडून रडायचे, पुन्हा पकडायचे आणि पुन्हा सोडायचे. आपल्याला सर्दी झाली तर चार दिवसांची कटकट होते. तान्ह्या बाळाचे मात्र दूधच तुटते आणि आईची झोपही जाते.

चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी औषधांच्या दुकानात आज मुख्यतः तीन प्रकारची साधने मिळतात. पहिला दाबून सोडायचा रबरी फुगा. दुसरी एक नळी. तिचे एक टोक बाळाच्या नाकपुडीशी ठेवायचे आणि दुसरे आईने किंवा बापाने स्वतःच्या तोंडात धरून ओढायचे. तिसरा बॅटरीवर चालणारा छोटा पंप. यांतले चांगले कोणते, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. उत्तराच्या शोधात निघाले की बराच जुना इतिहास हाती लागतो. त्या इतिहासात एक मोठी गंमत आहे. डॉक्टरांनी एका साधनाची दुसऱ्या साधनाशी तुलना पुष्कळ केली, पण ‘साधन वापरलेच नाही तर काय होते?’ हे पाहायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

आधी नाकाकडे पाहू या. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाचे स्वरयंत्र गळ्यात बरेच वर असते. त्यावरचे झाकण पडजिभेच्या मऊ टाळूला जवळजवळ टेकलेले असते. त्यामुळे हवा नाकातून सरळ श्वासनलिकेत जाते आणि दूध दोन्ही बाजूंनी वाट काढत अन्ननलिकेत उतरते. बाळ पिता पिता श्वास घेऊ शकते ते या रचनेमुळे, आणि म्हणूनच ते नाकावर इतके अवलंबून असते. काही बाळांमध्ये नाकाची मागची दारे जन्मतःच हाडाने किंवा पडद्याने बंद असतात. योहान रोडरर या जर्मन वैद्याने १७५५ साली अशा विकृतीची नोंद केली होती. दोन्ही बाजू बंद असलेले बाळ शांत असताना निळे पडते आणि रडायला लागले की गुलाबी होते, कारण रडताना तोंड उघडते. जुन्या पुस्तकांत ‘तान्ही बाळे फक्त नाकानेच श्वास घेऊ शकतात’ असे सरसकट वाक्य असे. १९८५ साली निरोगी बाळांच्या नाकपुड्या थोडा वेळ बंद करून पाहिलेल्या प्रयोगांतून दिसले की बरीच बाळे तोंडाने श्वास घेऊ लागतात. मात्र त्यांना ते लगेच आणि सहज जमत नाही. तेव्हा ‘फक्त’ऐवजी ‘शक्यतो’ म्हणणे बरोबर.

आता थोडे भौतिकशास्त्र. झां पोआझ्यी हा पॅरिसचा डॉक्टर. रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते हे समजावे म्हणून त्याने काचेच्या केशनळ्यांतून पाणी सोडून मोजमापे केली आणि १८४० च्या दशकात ती प्रसिद्ध केली. त्यांतून निघालेला नियम असा : नळीतल्या प्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा ‘चौथा घात’ फार जाचक आहे. दोन मिलिमीटर त्रिज्येची नळी आतून अर्धा मिलिमीटर सुजली की त्रिज्या दीड होते आणि अडथळा तिपटीहून थोडा अधिक वाढतो. एक मिलिमीटर सुजली तर अडथळा सोळा पट! मोठ्या माणसाच्या नाकात अर्ध्या मिलिमीटरची सूज कुणाच्या लक्षातही येणार नाही. नाक काही गुळगुळीत गोल नळी नाही आणि त्यातला प्रवाह नेहमी संथही नसतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे नाकाला लावू नयेत. पण लहान नाकाला थोडी सूज का भारी पडते, हे त्यांतून नीट कळते. वर्गात दाखवायचे असेल तर प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडून आधी शीतपेयाची नळी बसवावी, मग तेवढ्याच लांबीची बॉलपेनची रिकामी कांडी. अर्धा लिटर पाणी बाहेर पडायला दोन्ही वेळी किती सेकंद लागतात ते मुलांना मोजू द्यावे.

बोट, तोंड आणि रबर

नवजात बाळाचे तोंड-नाक साफ करण्याची रीत फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे की नख नीट कापलेल्या, स्वच्छ धुतलेल्या बोटाला कापूस गुंडाळून त्याने बाळाचे टाळू, ओठ, घसा आणि जीभ पुसावी. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनस या ग्रीक वैद्यानेही सुइणींसाठीच्या ग्रंथात बोटांनी साफसफाई करण्याविषयी लिहिले आहे. दोन्हीकडे पुसणे आहे, ओढणे नाही. (यावरून ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ अशी उडी कुणी मारू नये. पुसणे त्यांच्या हाताशी होते. ते ओढण्यापेक्षा बरे की वाईट, याची परीक्षा त्यांनी केलेली नव्हती.) अनेक समाजांत आई किंवा सुईण बाळाच्या नाकाला स्वतःचे तोंड लावून शेंबूड ओढून घेई आणि थुंकून टाकी. ऐकायला किळसवाणे वाटेल, पण पंप म्हणून माणसाच्या तोंडात काही खोट नाही. जोर हवा तसा कमी-जास्त करता येतो आणि बाळ कळवळले की लगेच थांबताही येते.

रबरी फुग्यासाठी मात्र आधी रबर सुधारावे लागले. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधकाबरोबर रबर तापवून त्यावर उपाय शोधला आणि १८४४ साली पेटंट घेतले. दाबले की चेपणारे आणि सोडले की पूर्वीच्या आकारात येणारे रबर यामुळे वैद्यकाला मिळाले. व्हिएन्नाचा कानतज्ज्ञ आडाम पोलिट्सर याने १८६३ साली नासपतीच्या आकाराचा एक रबरी फुगा वापरात आणला. पण त्याचे काम उलटे होते. तो नाकात हवा ढकलायचा, म्हणजे ती कानाच्या नळीतून मध्यकर्णात जाई. तसाच फुगा आधी दाबून मग नाकाशी नेला आणि सोडला की झाला शोषक. जुन्या रिक्षाच्या भोंग्याचा फुगा आठवावा. दाबताना तो भों करतो आणि सोडल्यावर हवा आत घेतो. त्या दुसऱ्या अर्ध्या कामाचाच इथे उपयोग आहे.

‘शोषक’ हा शब्द आपण सवयीने वापरतो खरा, पण फुगा शेंबूड ‘खेचत’ नाही. फुग्यातला दाब कमी होतो आणि बाहेरचा, म्हणजे वातावरणाचा दाब शेंबूड आत ढकलतो. त्यासाठी टोक नाकपुडीत जेमतेम घट्ट बसावे लागते. फट राहिली तर शेंबडाऐवजी हवाच आत जाते.

फुगा घरात आणि दवाखान्यात रुळत असतानाच प्रसूतिगृहात दुसरे साधन आले. ते शिकागोचे प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डीली यांच्या नावाने ओळखले जाते. डीली यांनी १८९५ साली शिकागोच्या गरीब वस्तीत बाळंतिणींसाठी दवाखाना सुरू केला. तिथले डॉक्टर घरोघर जाऊन बाळंतपणे करीत. बॅगेत मावेल आणि वीज मागणार नाही असा पंप म्हणजे डॉक्टरचे स्वतःचे तोंड. डीलीच्या साधनात एक मऊ नळी बाळाच्या घशात किंवा नाकात जाई, दुसरी डॉक्टरच्या तोंडात आणि दोहोंच्या मध्ये एक छोटी बाटली असे. ओढलेला चिकटा बाटलीत पडे, हवा तेवढी पुढे जाई. आपल्याकडच्या रुग्णालयांतही ‘म्यूकस एक्स्ट्रॅक्टर’ या नावाने ते अनेक वर्षे वापरात होते. जोरात ओढले तर कधीकधी बाटली ओलांडून द्रव डॉक्टरच्या तोंडात येई, पण त्याची फारशी फिकीर कुणी केली नाही. एड्सची साथ आल्यावर ती करावीच लागली. १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येक रुग्णाचे रक्त व रक्तमिश्रित द्रव संसर्गजन्य समजून वागावे असे सांगितले. तोंडाने ओढण्याची पद्धत तिथल्या प्रसूतिगृहांतून त्यानंतर हद्दपार झाली. गंमत अशी की पुढे स्वीडनमध्ये तयार झालेल्या घरगुती नळीने तीच कल्पना परत आणली. फक्त बाटलीच्या जागी स्पंजाची गाळणी आली आणि डॉक्टरच्या जागी आई.

सवयीची परीक्षा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, बाळ जन्मले की त्याचे तोंड आणि नाक ओढून घ्यायचेच, असा रिवाज रुग्णालयांत पक्का झाला होता. व्हर्जिनिया ॲपगार या न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ. बाळाची प्रकृती एका मिनिटात जोखण्याची त्यांची गुणपद्धती १९५३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पाच कसोट्यांपैकी एक म्हणजे बाळाची प्रतिक्रिया. ती बघायची नेहमीची रीत त्यांनी लिहिली आहे : मऊ रबरी नळीने घसा आणि नाक ओढताना बाळ तोंड वेडेवाकडे करते का, शिंकते का, खोकते का ते पाहणे. म्हणजे नळी घातली जाणार हे गृहीतच होते.

या नळीने बाळाला काही अपायही होत असेल, ही शंका लिआंद्रो कॉर्डेरो आणि एडवर्ड हॉन यांनी १९७१ साली मोजून तपासली. त्यांनी ८७ नवजात बाळांच्या हृदयाचे ठोके नोंदवत साफसफाई केली. ४६ बाळांना नळी वापरली. त्यांपैकी ७ जणांच्या हृदयाची लय गंभीर बिघडली आणि ५ जणांचा श्वास थांबला. उरलेल्या ४१ बाळांना रबरी फुगा वापरला. त्यांच्यापैकी एकालाही असे झाले नाही. घशाच्या मागच्या भिंतीला नळी टोचली की व्हेगस चेता उत्तेजित होते आणि हृदय मंदावते, असे याचे स्पष्टीकरण आहे. फुग्याचे आखूड टोक तिथवर पोचतच नाही. हा प्रयोग मला फार आवडतो. दोन साधनांची तुलना कशी करावी याचा तो चांगला धडा आहे. पण तिसरा गट, म्हणजे ज्यांचे काहीच ओढले नाही अशी बाळे, त्यात नव्हती.

त्याच दशकात एक वेगळी भीती पुढे आली. काही बाळे जन्माआधीच गर्भजलात पहिली शी करतात. ती फुप्फुसात गेली तर गंभीर आजार होतो आणि बाळ दगावूही शकते. अमेरिकेतील एका गटाने १९७६ साली सुचवले की डोके बाहेर येताच, खांदे येण्यापूर्वीच, नाक-घसा ओढून घ्यावा. तशी पद्धत सुरू केल्यावर आजार कमी झाल्याचे त्यांनी दाखवले. मात्र तुलना केली ती आपल्याच रुग्णालयातल्या आधीच्या काळातील बाळांशी. दरम्यानच्या काळात बाकीची शुश्रूषाही सुधारलेली असू शकते, याचा हिशेब अशा तुलनेत राहत नाही. तरीही ही पद्धत जगभर पसरली आणि पाव शतक टिकली. याबद्दल डॉक्टरांना हसण्यात अर्थ नाही. समोर हिरवट द्रवाने माखलेले बाळ असताना ‘काही करू नका’ म्हणायला मोठे धैर्य लागते.

ते धैर्य पुढे दाखवले गेले. २००० साली टॉमस विसवेल व सहकाऱ्यांनी अशा गर्भजलातून जन्मलेल्या, पण टवटवीत असलेल्या २०९४ बाळांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. एका गटाच्या श्वासनलिकेत नळी घालून ओढले, दुसऱ्याला हात लावला नाही. पहिल्या गटात ३.२ टक्के बाळांना फुप्फुसाचा तो आजार झाला, दुसऱ्यात २.७ टक्के, हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका लहान होता. २००४ साली अर्जेंटिनाच्या नेस्टर वाइन यांच्या गटाने २५१४ बाळांवर १९७६ ची ती पद्धतच तपासली. दोन्ही गटांत आजाराचे प्रमाण सुमारे ४ टक्के. मग प्रश्न राहिला तो निपचित जन्मणाऱ्या बाळांचा. त्याबाबतची एक महत्त्वाची चाचणी आपल्या देशात, पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत झाली. १२२ बाळांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले आणि तिथेही श्वासनलिका ओढून घेण्याचा फायदा दिसला नाही.

राहिली सर्वसाधारण बाळे. अमेरिकेतील अलाबामात जॉन केलहर यांनी पस्तीस आठवडे किंवा त्याहून अधिक दिवस भरलेल्या सुमारे पाचशे बाळांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाचे नाक-तोंड रबरी फुग्याने ओढले, दुसऱ्याचे नुसते फडक्याने पुसले. पहिल्या चोवीस तासांत श्वासाची सरासरी गती पुसलेल्या गटात मिनिटाला ५१ आणि ओढलेल्या गटात ५० भरली. हा निबंध २०१३ सालचा. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचे नियम अशा पुराव्यांनुसार २००५ ते २०१५ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने बदलले. आता जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाचे नाक ओढून घेत नाहीत. श्वास खरोखर अडलेला दिसला तरच घेतात.

घरातली सर्दी

सर्दीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नवजाताच्या नाका-घशातला द्रव पातळ असतो आणि बाळ तो स्वतःच हटवते. सर्दीत घट्ट शेंबूड असतो, शिवाय नाकाचे आतले अस्तर सुजलेले असते. शेंबूड ओढता येतो, सूज ओढता येत नाही. उलट सारखे ओढत राहिले तर अस्तर दुखावून सूज वाढते. औषधांची वाटही आता अरुंद झाली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची दुकानी औषधे देऊ नयेत असे सांगितले. आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे औषधाच्या वेष्टनावर छापायला लावले.

मग उरते साधे मिठाचे पाणी. औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे निर्जंतुक थेंब म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. इथे पोआझ्यीचा नियम पुन्हा कामाला येतो. शेंबूड बाहेर यायचा तोही साधनाच्या बारीक टोकातूनच. प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात आणि द्रवाच्या घट्टपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दाब वाढवायला मर्यादा आहे, कारण समोर नाजूक अस्तर आहे. नवजातासाठी रुग्णालयातला पंपसुद्धा पाऱ्याच्या ८० ते १०० मिलिमीटरपर्यंतच लावतात. घट्टपणा कमी करण्यात असा धोका नाही. तेव्हा फुगा, नळी आणि पंप यांच्यात निवड करताना जेवढा विचार आपण करतो, त्याहून अधिक महत्त्व आधी थेंब घालून एक-दोन मिनिटे थांबण्याला आहे असे माझे मत आहे.

थेंब मिठाच्या पाण्याचे, तेलाचे नव्हेत. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना टाळू भरतात, त्याबरोबर नाकातही तेल सोडायची चाल अजून बऱ्याच घरांत आहे. टोरांटोच्या लाफलेन यांनी १९२५ साली दाखवले की नाकात घातलेले तेल फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया करते. तेलाने खोकल्याची उबळ येत नाही, म्हणून ते आत जाताना कळतही नाही. शाळेतल्या मुलींच्या मार्फत ही एक गोष्ट घरापर्यंत गेली तरी पुष्कळ झाले.

फुग्याचा एक दोष मात्र त्याच्या वयाइतकाच जुना आहे. आत काय साचले आहे ते दिसत नाही आणि धुता येत नाही. एका बाळाचा फुगा दुसऱ्याला वापरला तर जंतूही बरोबर जातात. नॉर्वेच्या लार्डाल कंपनीने पेंग्विनच्या आकाराचा, उघडून धुता आणि उकळता येणारा पारदर्शक सिलिकोनचा फुगा बनवला. तो जिथे पंप नाहीत अशा प्रसूतिगृहांसाठी आहे. घरी साधा फुगा असेल तर निदान तो एकाच बाळाचा असावा आणि वरचेवर बदलावा.

रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्या सर्दीबद्दलही थोडी माहिती आहे. श्वासनलिकांच्या बारीक शाखा सुजलेल्या ७४० तान्ह्या बाळांच्या नोंदी अमेरिकेत तपासल्या गेल्या. त्याचा अहवाल २०१३ सालचा. खोलवर नळी घालून वारंवार ओढलेल्या बाळांचा मुक्काम लांबला होता. नाकपुडीपुरते ओढण्यात चार तासांहून अधिक खंड पडलेल्या बाळांचाही. अर्थात या नोंदी आहेत, प्रयोग नव्हे. अधिक आजारी बाळाला अधिक ओढले गेले असेल, ही शक्यता उरतेच. छाती आत ओढली जात असेल, श्वास फार जलद चालत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूधच घेत नसेल, तर फुगा बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्यायचे, हे मात्र कोणत्याही चाचणीची वाट न पाहता सांगता येते.

‘यांतले चांगले कोणते?’ या सुरुवातीच्या प्रश्नाला थेट हात घातला तो कॅनडात. तिथल्या चार बालरुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून २०२० ते २०२२ या काळात घरी पाठवलेल्या ३६७ बाळांपैकी काहींच्या पालकांना रबरी फुगा दिला, तर काहींच्या पालकांना बॅटरीचा पंप. दोघांनाही सांगितले की बाळाला पाजण्यापूर्वी नाक साफ करा. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या तीन दिवसांत बाळाला पुन्हा दवाखान्यात आणावे लागण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते. बाळाचे पिणे आणि झोप यांतही दखल घेण्याजोगा फरक नव्हता. फुगा मिळालेल्या पालकांपैकी अधिक जणांनी मधेच दुसरे साधन विकत आणले आणि पंपवाले पालक आपल्या साधनावर अधिक खूश होते. नुसते थेंब घालून नाक न ओढलेल्या बाळांचा गट या चाचणीतही नव्हता.